भरवशाची मोटार : पद्मिनीचे एक परीक्षण

दसऱ्याच्या दिवशी अंत्रुज महालातील एका देवळाच्या आवारात वाहनपूजा पाहण्याचा योग आला. दीपस्तंभापासून तळीच्या कठड्यापर्यंत नव्या मोटारी ओळीने उभ्या होत्या. भटजी एकेकीपाशी जात, हळदकुंकू वाहत, नारळ वाढवीत आणि पुढे सरकत. ओळीच्या अगदी शेवटी, आंब्याच्या सावलीत, मोतिया रंगाची एक जुनी प्रीमियर पद्मिनी झेंडूची माळ घालून उभी होती. नव्या गाड्यांच्या धन्यांपैकी निम्मे लोक आपली गाडी सोडून तिच्याभोवती जमले होते. त्यांच्यातल्या एका लहान मुलाने गाडीच्या वृद्ध मालकांना विचारले, “आजो, ही खंयची गाडी?” ते म्हणाले, “म्हज्या बापायची.”

मुलाने विचारले होते ते गाडीचे कूळ. त्याला उत्तर मिळाले ते मालकाच्या कुळाचे. प्रश्नोत्तरांतील ही गफलत मोठी अर्थपूर्ण आहे, आणि तिच्यातूनच या लेखाचा विषय सुचला. जुन्या, भरवशाच्या मोटारींविषयी आपल्या समाजात आज जी ओढ दिसते, तिच्यात मोटारीचा गुण किती आणि आपल्या आठवणींचा भाग किती? मोटारीसारख्या यंत्रावर टीकालेख लिहावा काय, अशी शंका काही वाचकांस येईल. तथापि समई, पालखी, रथ आणि मखर यांच्या घडणीविषयी आपण रसिकतेने बोलतोच. ज्या वस्तूने दोन पिढ्यांची ये-जा वाहिली तिच्या गुणदोषांची चिकित्सा करण्यात अनुचित असे काही नाही.

प्रथम तिच्या कुळाविषयी. पद्मिनीचा जन्म इटलीतील. डांटे जाकोझा या फियाट कंपनीच्या विख्यात अभियंत्याच्या काळात सिद्ध झालेली नवी ‘११००’ ही मोटार १९५३ साली जिनीव्हाच्या प्रदर्शनात लोकांपुढे आली. तिकडे मुंबईत सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली होती. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात पन्नाशीच्या दशकात फियाटच्या गाड्या जोडल्या जाऊ लागल्या. ‘११००’च्या पहिल्या गोलसर नाकाच्या रूपाला मुंबईकरांनी ‘डुक्कर फियाट’ असे खट्याळ पण प्रेमळ नाव दिले. १९६४ पासून ‘११०० डिलाइट’ आली. पुढे काही काळ ती ‘प्रेसिडेंट’ म्हणून विकली गेली, आणि १९७४ च्या सुमारास तिला मेवाडच्या राणीचे नाव मिळून ती पद्मिनी झाली. तिचे उत्पादन २००० च्या सुमारास थांबले.

अशा परदेशी वस्तूस आपली म्हणावे काय? येथे भाषेचा दाखला उपयोगी पडेल. ‘चावी’, ‘पगार’ आणि ‘पाव’ हे शब्द पोर्तुगीजांकडून आले; परंतु चावी हरवली असता शोधणाऱ्याच्या मनात लिस्बन येत नाही. वापराने शब्द घरचा होतो. मोटारीचेही तसेच. पद्मिनीची टपावरची जाळी, तिच्यावर बांधलेल्या वळकट्या, पुढच्या काचेमागे चिकटविलेली कुलदैवताची तसबीर, मागच्या काचेवरील वेलबुट्टीची अक्षरे, यांतील एकही गोष्ट ट्यूरिनच्या आराखड्यात नव्हती. इटलीने शब्द दिला, वाक्य आपण रचले.

तिच्या रूपाची चिकित्सा करताना समकालीन अँबॅसडरशी तुलना करणे अपरिहार्य आहे. हिंदुस्थान मोटर्सची ती गाडी इंग्लंडच्या मॉरिस ऑक्सफर्डच्या तिसऱ्या आवृत्तीवरून घेतलेली. बंगालमधील उत्तरपाडा येथे तिचे उत्पादन १९५७-५८ च्या सुमारास सुरू झाले आणि २०१४ च्या मे महिन्यात बंद पडले. अँबॅसडरचे छप्पर घुमटासारखे, कडा सर्वत्र गोलावलेल्या, बांधा भारदस्त. ती पाहिली की वाड्याची आठवण होते: सोपा ऐसपैस, भिंती जाड, आणि पाहुणा कितीही आला तरी सामावणारी. तिच्यातून मंत्री उतरले तरी शोभत आणि वऱ्हाड उतरले तरी शोभे. पद्मिनीचे तसे नाही. ती शहरातील नेटक्या बिऱ्हाडासारखी आहे. पुढचा डबा इंजिनाचा, मधला माणसांचा, मागचा सामानाचा. तीन भाग स्पष्ट, एकमेकांत न मिसळलेले. मागच्या बाजूस जे लहानसे पंख आहेत तेवढीच तिची हौस. खिडक्यांचे खांब सडपातळ, काचा मोठ्या, आणि दारांच्या पुढल्या कोपऱ्यात वारा हवा तसा वळवून घेण्यासाठी एक त्रिकोणी झडप. वातानुकूलन नसलेल्या गाडीत या झडपेएवढी शहाणी योजना दुसरी नसेल.

आसनांकडेही टीकाकाराने पाहावे. पुढचे आसन एकसंध बाकासारखे आणि गिअरचा दांडा सुकाणूच्या खांबाला लावलेला. त्यामुळे पुढे तिघे बसत, आणि मधल्या जागेवर घरातील धाकटे मूल हक्क सांगे. आसन उंच असल्यामुळे नऊवारी नेसलेल्या आजीबाईंना वाकून आत शिरावे लागत नसे. आजच्या पुष्कळ गाड्यांत वृद्ध माणूस बसत नाही, तो आत घसरतो. आणि उतरताना त्याला कोणाचा तरी हात लागतो. बेळगाव-धारवाडकडून, कोल्हापुराकडून, मुंबईहून गोव्यातल्या कुलदेवतेच्या दर्शनाला येणाऱ्या कुटुंबांना वर्षातून एकदा करावयाच्या त्या लांबच्या प्रवासात हा उंचीचा गुण केवढा मोलाचा वाटे, हे ज्यांनी तो प्रवास केला त्यांना सांगावयास नको.

येथवर स्तुती झाली. आता दुसरी बाजू मांडली पाहिजे, कारण जुन्या मोटारींवरील बहुतेक लेखन येथेच थांबते आणि त्यामुळे खोटे पडते.

पहिली गोष्ट ही की पद्मिनी आणि अँबॅसडर यांचे दीर्घायुष्य ही केवळ त्यांच्या गुणांची पावती नव्हे. परवान्यांच्या त्या काळात देशात मोटारी बनविणारे कारखाने हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. आयात जवळजवळ बंद, आणि गाडी हवी असेल तर नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. ज्या वस्तूला स्पर्धाच नाही ती टिकली, यात नवल कसले? युरोपात ज्या आराखड्याची जागा साठीच्या दशकातच पुढच्या आराखड्याने घेतली, तोच येथे शतकाच्या अखेरीपर्यंत चालू राहिला. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० रस्त्यावर आली आणि ग्राहकाला निवडीची संधी मिळाली, तेव्हा त्याने काय निवडले हे सर्वविदित आहे. आज जे गृहस्थ पद्मिनीच्या आठवणीने गहिवरतात, त्यांतील बहुतेकांनी त्या वेळी ती विकून मारुती घेतली होती. यात दोष नाही. परंतु ही गोष्ट विसरून केलेला शोक प्रामाणिक म्हणता येणार नाही.

दुसरी गोष्ट सुरक्षिततेची. “जुन्या गाडीचा पत्रा जाड, म्हणून ती सुरक्षित” हे वाक्य देवळाच्या पायरीपासून लग्नमंडपापर्यंत सर्वत्र ऐकू येते, आणि ते चुकीचे आहे. टक्कर होते तेव्हा तिचा जोर कोठे तरी जिरावा लागतो. आजच्या मोटारीचा पुढचा भाग मुद्दाम चुरडावा अशा बेताने रचलेला असतो. तो चुरडतो म्हणून आतला माणूस वाचतो. ताठ पत्र्याच्या गाडीत तोच धक्का माणसाच्या छातीपर्यंत पोचतो. पद्मिनीची चारही चाके ढोलाच्या ब्रेकांची. पावसात पाणी शिरले की ते काही काळ नीट पकडत नसत, आणि घाटाच्या लांब उतारावर तापले की मंदावत. धुराविषयी तर बोलावयासच नको. सुरक्षिततेच्या आणि स्वच्छ हवेच्या कसोटीवर आजची साधारण गाडी पद्मिनीपेक्षा निःसंशय श्रेष्ठ आहे. ज्यास हे मान्य नाही त्याने जुन्या मोटारीची स्तुती करूच नये, कारण त्याची स्तुती अज्ञानातून आलेली असते.

तिसरी गोष्ट सर्वांत नाजूक. ती म्हणजे ‘भरवसा’. पद्मिनी बंद पडत नसे काय? पडत असे. उन्हाळ्यात पंपातल्या पेट्रोलची वाफ होऊन गाडी अडे, आणि मग चालक पंपावर ओले फडके गुंडाळून पाच-दहा मिनिटे झाडाखाली बसे. घाटात रेडिएटरचे पाणी उकळे. पावसाळी सकाळी पॉइंट दमट होत आणि गाडी धक्क्याला लागे. आजची गाडी वर्षचे वर्ष बॉनेट न उघडता चालते. मग भरवशाची म्हणावयाची कोणती?

माझ्या मते येथेच या प्रश्नाचे मर्म आहे. बिनचूकपणा आणि भरवसा हे दोन वेगळे गुण होत. बिनचूक वस्तू बिघडत नाही. भरवशाची वस्तू बिघडली तरी आपल्याला परकी होत नाही. पद्मिनीचे १०८९ घनसेंटिमीटरचे, चार नळकांड्यांचे इंजिन बॉनेट उघडताच सगळे नजरेस पडे. कार्बोरेटर कोठे, प्लग कोठे, पट्टा कोठे, हे शाळकरी मुलालाही सांगता येई. गाडी बंद पडली तर कारण दोनांपैकी एक: ठिणगी नाही, अथवा पेट्रोल नाही. प्लग काढून पाहिला की पहिल्याचा निकाल लागे, नळी सोडून पाहिली की दुसऱ्याचा. बिघाड हा शाप नव्हता, कोडे होते; आणि त्याचे उत्तर जवळच्या माणसाच्या हातात होते. फोंड्यात काय, बेळगावात काय किंवा इंदुरात काय, चिंचेच्या झाडाखाली पाने आणि पकडी मांडून बसलेला मिस्त्री त्या गाडीचे इंजिन खोलून पुन्हा बांधू शके. गाडीचा धनी त्याच्या शेजारी उकिडवा बसून पाहत असे, प्रश्न विचारत असे, आणि पुढच्या खेपेस किरकोळ काम स्वतः करत असे. भरवसा गाडीवर होता तितकाच त्या मिस्त्रीवर होता, आणि थोडासा आपल्या स्वतःच्या बुद्धीवरही होता.

आजची मोटार बिघडली म्हणजे एक पिवळा दिवा लागतो. त्याचा अर्थ धन्याला कळत नाही, आणि पुष्कळदा झाडाखालच्या मिस्त्रीलाही कळत नाही. तो यंत्र लावून दुसऱ्या यंत्राकडून वाचून घ्यावा लागतो. सुटा भाग दुरुस्त होत नाही, सबंध पेटी बदलते. या व्यवस्थेने सुरक्षितता दिली, स्वच्छता दिली. त्याबद्दल कृतज्ञ असावे. परंतु तिने माणसाला आपल्याच वस्तूपुढे अडाणी केले, हेही नोंदविले पाहिजे. दुरुस्तीचा हक्क ग्राहकाला असावा या विचाराने केंद्र सरकारने २०२२ च्या डिसेंबरात एक संकेतस्थळ सुरू केले आणि त्यात मोटारींचाही समावेश केला, यावरून ही तक्रार केवळ म्हाताऱ्यांची नव्हे हे दिसून येईल.

आता जीर्णोद्धाराविषयी. जुनी मोटार राखणे म्हणजे काय करणे, याचा विचार आपल्या देवळांच्या दृष्टान्ताने चांगला होतो. मंगेशाचे स्थान मूळचे कुशस्थळीचे, म्हणजे आजच्या कुठ्ठाळीचे. १५६० साली ते पोर्तुगीज हद्दीबाहेर प्रियोळास आणले गेले. तेथेही आज दिसणारी वास्तू ही त्या वेळची नव्हे. ती पुढे बांधली गेली आणि वेळोवेळी नवी झाली. तरी भक्त देऊळ नवे आहे असे म्हणत नाही. दगड बदलला, जागा बदलली. पूजा, सेवा आणि नाते खंडित झाले नाही. शास्त्रात जीर्णोद्धाराचा स्वतंत्र विधी सांगितला आहे, तो जीर्ण होणे हा वस्तूचा धर्म आहे हे मान्य करूनच.

ज्या पद्मिनीचे पिस्टन तीनदा बदलले, पाटे दोनदा बदलले, मजला नव्याने जोडला आणि रंग चारदा दिला, ती बापाचीच गाडी होय काय? आंब्याखालच्या त्या वृद्ध गृहस्थांनी एका वाक्यात होकार दिला होता, आणि तो योग्य होता. सातत्य पत्र्यात नसते, जतनात असते.

परंतु जीर्णोद्धाराच्या नावाखाली दुसरेही एक कर्म चालते, आणि ते देवळांत व मोटारींत सारखेच दिसते. जांभ्या दगडाचा, चुन्याच्या गिलाव्याचा, कोरीव लाकडी खांबांचा सभामंडप पाडून त्या जागी गुळगुळीत ग्रॅनाइट आणि चकचकीत फरशी घालावयाची, आणि फलकावर ‘जीर्णोद्धार’ असे कोरावयाचे. हेतू भक्तीचा असतो, देणगीदारांचा भाव शुद्ध असतो. परंतु जे राखावयाचे होते तेच जाते. तशीच पुष्कळ पद्मिनींची गत होते. भडक गुलाबी रंग, रुंद चाके, आत परक्या गाडीचे इंजिन, थंड हवेचे यंत्र, आणि वर पद्मिनीचे नाव. ही गाडी लग्नाच्या छायाचित्रांसाठी भाड्याने मिळते. एखाद्या उपाहारगृहाच्या दाराशी तिचे अर्धे धड टेबल म्हणून ठेवलेले असते. या प्रकाराला मी आवड म्हणणार नाही. ती सजावट आहे. ‘टॅक्सी नंबर ९२११’ या २००६ सालच्या चित्रपटात नाना पाटेकरांनी चालविलेली काळी-पिवळी पद्मिनी त्या मानाने फार खरी वाटते, कारण ती तेथे शोभेसाठी उभी नाही. ती एका माणसाच्या पोटाचे साधन आहे.

अखेरीस कायद्याचा प्रश्न, कारण त्यावर या गाड्यांचे भवितव्य अवलंबून आहे. मुंबईत टॅक्सीला २० वर्षांची वयोमर्यादा घातली गेली. तेथील शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली होती; म्हणून ३० ऑक्टोबर २०२३ पासून त्या शहरात एकही पद्मिनी टॅक्सी अधिकृतपणे उरली नाही. त्या दिवशी वर्तमानपत्रांतून मोठा हळहळीचा सूर उमटला. मला तो निर्णय अयोग्य वाटत नाही. दिवसभर गर्दीतून धूर सोडत फिरणाऱ्या भाड्याच्या गाडीला वयाची मर्यादा असावी. उतारूला सुरक्षित गाडी मिळण्याचा हक्क आपल्या स्मरणरंजनापेक्षा मोठा आहे.

खासगी गाडीची गोष्ट मात्र निराळी. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने ‘व्हिंटेज’ वाहनांसाठी नियम काढले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे उलटलेली, मूळ स्वरूपात राखलेली गाडी तेथे संरक्षणास पात्र ठरविली. तिची निराळी नोंदणी ठेवली, आणि प्रदर्शन, शर्यतीसारखे मेळावे, इंधन व दुरुस्ती एवढ्यापुरतेच तिला रस्त्यावर येण्यास मोकळीक दिली. उलटपक्षी १५ वर्षे उलटलेल्या मोटारीच्या फेरनोंदणीचे शुल्क एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांवरून ५००० रुपयांवर नेले गेले. म्हणजे पंधराव्या वर्षी गाडी ओझे ठरते आणि पन्नासाव्या वर्षी वारसा ठरते. मधल्या ३५ वर्षांत तिने जगावे कसे? ऐंशीच्या दशकातील पद्मिनी नेमक्या या दरीत सापडल्या. वारसा होण्यासाठी आधी वारसांच्या हातून वाचावे लागते, हे या व्यवस्थेत विसरले गेले. महिन्यातून चार वेळा देवळात आणि बाजारात जाणाऱ्या, नीट राखलेल्या गाडीला वयाने मोजू नये. धूर, ब्रेक आणि सांगाडा यांची कठोर तपासणी करून मोजावे. जी उतरेल तिला चालू द्यावे, जी न उतरेल तिला भावनेपायी सूट देऊ नये.

वाचकांपैकी ज्यांच्या घरी अशी गाडी आहे त्यांना एक विनंती करावीशी वाटते. गाडी राखाल तर ती चालती राखा; आणि ती ज्याच्या हातून चालते त्या मिस्त्रीपाशी एखादी सकाळ वही घेऊन बसा. तो कोणत्या भागाला काय म्हणतो, कोणता आवाज कशाचा, ओले फडके नेमके कोठे गुंडाळावयाचे, हे त्याच्याच मराठीत किंवा कोंकणीत उतरून घ्या. मोटारी काही संग्रहालयांत उरतील. ही बोली मात्र त्या माणसांबरोबर जाईल, आणि ती माणसे आता सत्तरीच्या घरात आहेत.

पूजा आटोपल्यावर नव्या गाड्या एकामागून एक आवाज न करता निघून गेल्या. पद्मिनी पहिल्या प्रयत्नात सुरू झाली नाही. वृद्ध गृहस्थांनी खाली उतरून बॉनेट उघडले, आणि प्रश्न विचारणाऱ्या त्या मुलाला जवळ बोलावून आत बोट दाखवीत काही सांगू लागले. मुलगा चवड्यांवर उभा राहून पाहत होता. गाडी थोड्या वेळाने सुरू झाली.